ताकीद एक

रात्रपाळीला बर्फाच्या कारखान्यात दोघेच जागे,
कॉम्प्रेसर आणि मी.
मधल्या वेळात मी खेळाचा कोड उघडून बसतो.
नुसत्या अक्षरांचा खेळ, चित्र एकही नाही.
‘तुम्ही दगडी धक्क्यावर उभे आहात. उत्तरेला बाजार.’
असं वाचायचं आणि उत्तरेला जायचं.
आम्ही आठ जण खेळतो. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की अकरा.

मुनाफ वांगडे जहाजावर असतो,
कुठल्या समुद्रात ते विचारायचं मी सोडलंय.
तिथल्या नेटवर फोटो उतरत नाही, अक्षरं तेवढी पोचतात.
त्याने लिहिलं,
खेळात आपली फेरीबोट टाक ना, दाभोळ-धोपावे.
कदी सुटनार?
शुक्रवारी, म्हटलं.

तीन शुक्रवार गेले.

पहिल्या रात्री त्रेपन्न चुका.
जाळ्याची भोकं मोजावी तशा मोजत बसलो.
मग दिसलं, एक महिरपी कंस मिटायचा राहिलाय
आणि त्याच्यामागचं सगळं गाव उघड्यावर.
कंस मिटला. एक्कावन्न पळाल्या.
उरल्या त्या दोन खऱ्या.

कंपायलर म्हणतो, ओळ चारशे बारा.
चारशे बारा धुतल्या तांदळासारखी.
अर्धविराम सुटलाय चारशे अकराच्या शेवटी.
आमचा दत्ता फोरमन असाच,
पाणी ठिबकतं तिथे बोट ठेवणार,
पाइप फुटलाय वरच्या मजल्यावर.

दुसरी:
‘धोपावे : असं काही जाहीर केलेलं नाही.’
मी खिडकीतून पाहिलं.
खाडीपल्याड धोपाव्याचे दिवे. सतरा. त्यातला एक लुकलुकणारा.
खाली बारीक अक्षरात:
‘अनोळखी नाव प्रत्येकी एकदाच कळवण्यात येईल.’
एकदाच. पुढे तुमचं तुम्ही बघा.
मी अलीकडचा किनारा लिहिला होता,
पाणी लिहिलं होतं, ओहोटीसुद्धा.
पलीकडचा किनारा आहेच, असं धरून चाललो होतो.
फाइलच्या माथ्यावर जाऊन एक ओळ घातली:
धोपावे आहे.

मग सगळं मुकाट जुळलं.
पहाटे साडेतीनला बोट सुटली
आणि एकेकाचं भलतंच झालं.
गुहागरच्या शर्वाणीच्या वजनाच्या जागी तिचं वय,
मुनाफच्या वयाच्या जागी त्याच्या पिशवीतलं सोनं.
मी चार हजार वर्षांचा झालोय, त्याने लिहिलं,
पेन्शन कुणाकडं मागू?
बोट खाडीच्या मध्यावर आली, आणि खेळच मेला.

दोन रात्री बोटीला शिव्या घातल्या. बोटीचा दोष नव्हता.
माणसाच्या नोंदीत मी एक नवा खण घातला होता, ‘बोटीत आहे का’,
निम्म्या फाइलींना ते कळलंच नव्हतं.
त्या जुन्याच मापाने हात घालत होत्या,
कपाट हलवलंय हे ठाऊक नसलेला माणूस
अंधारात पाण्याचा तांब्या शोधतो तसा.
जुनं बांधलेलं सगळं पुसलं.
मूळ लिखाण नाही, त्यावरून रचलेलं.
पुन्हा पहिल्यापासून लावलं. या लॅपटॉपला अकरा मिनिटं.
तेवढ्यात टेम्पो आला. चाळीस लाद्या मोजून दिल्या, सही घेतली,
हात गोठलेले तसेच आत आलो.

चूक शून्य. ताकीद एक:
‘भाडे : नाव ठेवलंय, वापर कुठेच नाही.’

मुनाफ धक्क्यावर उभाच होता, केव्हापासून कोण जाणे.
बोट लागल्याचं त्याला दिसलं असणार,
त्याने टाइप केलं: चढ.
मग: बस.
मग बराच वेळ काही नाही.
पलीकडे जायला मी सहा मिनिटं घातली होती,
त्याने एकदाही घाई केली नाही.
उतरल्यावर विचारलं,
तिकीट कुणी काढलं?

ती ताकीद अजून येते, दर वेळी.
वाचतो, आणि पुढे जातो.