काटा

शारजा विमानतळाच्या मागच्या अंगाला, कार्गोच्या शेडात
माझी नोकरी काट्यावरची.
पेटी चढवायची, सुई थरथरून थांबेतो दम धरायचा,
आकडा लिहायचा तीन प्रतींत, मध्ये कार्बन घालून.
कागदावर माल काय लिहिलाय ते वाचणं
माझ्या कामात बसत नव्हतं.
वाचायचो.

"ब्लँकेटं, लोकरी, चाळीस नग."
पेटी काट्यावर आली
आणि सुई तीनशेच्या पार गेली,
जणू एकेका ब्लँकेटात कुणी झोपलंय.

साल शहाण्णव. ऑगस्ट.
रात्री दोन वाजताही पत्र्याला हात लावता येत नसे,
समुद्रावरून खारी वाफ यायची, चष्मा पुसून पुसून धुरकट.
युक्रेनचा वैमानिक शिडीवर बसून कलिंगड खायचा
आणि बिया धावपट्टीच्या दिशेने थुंकायचा.

पैसे कुठले, हे विचारायचं नसतं.
एका देशाचं पत्र हिरव्या शाईतलं,
दुसऱ्याचं पत्रच नाही, नुसता फोन.
सोमवारचं विमान लढणाऱ्यांना,
गुरुवारचं त्यांच्याशी लढणाऱ्यांना,
आणि दोन्ही बिलं लालवाणींच्या एकाच फायलीत, एकाच टाचणीत.
"खोत," ते म्हणायचे, उल्हासनगरात शिकलेल्या मराठीत,
"मोठे लोक काट्याने काटा काढतात.
तू आपला काटा बघ."

हमालांत एक मीर सफर होता, अंदराबचा.
पेटीवर बोटाच्या पेराने टकटक करायचा,
आपण फणस पिकला का बघतो तसं.
"ब्लँकेट वाजत नाही, खोतसाब."
मी शिक्का शाईत दाबत राहिलो.
त्याचा थोरला भाऊ सोमवारच्या बाजूला.
धाकट्याला गुरुवारवाल्यांनी मशिदीच्या दारातून उचललं होतं.
हे त्याने एकदाच सांगितलं, चहाच्या कपातली साखर ढवळत,
आणि मग बराच वेळ ढवळतच बसला.

"थोरल्याने खिंडीतून निरोप पाठवला," म्हणाला,
"दोन पोरं थंडीने गेली. पांघरायला पाठवा.
विमान आलं. उघडलं.
पोरं त्या रात्री रिकाम्या पेट्यांत झोपली,
गवत तरी होतं आत."

मग एका सोमवारी एक पेटी आली,
काट्यावर चढवली, सुई ब्याण्णववर थांबली.
मी पुन्हा चढवली. ब्याण्णव.
कागद म्हणत होता ब्लँकेटं, काटाही तेच म्हणत होता.
वर्षभरात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं
आणि माझ्या अंगावर, त्या उकाड्यात, काटा आला.

पहाटे वैमानिक खाली उतरला. वजन जास्त झालंय,
काहीतरी काढा.
लालवाणींनी यादीवरून बोट फिरवलं,
ज्याचे पैसे कुणी दिले नव्हते तिथे थांबवलं.
कुठल्याशा शाळेने पाठवली होती म्हणे. देणगी.
तीच उतरवली.
विमान उडालं, मोठ्याने, जडपणे,
दिव्यांच्या रांगेवरून समुद्राकडे वळलं.

मीर सफरने पेटी फोडली. मी पाहिलं नाही,
म्हणजे पाहिलं, पण रजिस्टरात मान घालून.
एक तपकिरी ब्लँकेट काढलं, डांबरगोळीचा वास,
कोपऱ्यात कुणा मुलाने लाल धाग्याने घातलेले टाके.
ते त्याने अंगाभोवती लपेटलं, डोक्यावरून,
जसं तिकडे डोंगरात लपेटत असतील,
आणि घामाने निथळत काट्यावर येऊन उभा राहिला.

"किती?"
"एकसष्ट."
"कागदावर माल काय लिहिणार?"

मी लिहायला घेतलं.
कार्बन उलटा घातला गेला होता.
सकाळी पाहिलं तर खालच्या दोन प्रती कोऱ्या,
आणि आकडा माझ्याच कागदाच्या पाठीवर
उलटा उमटलेला.