ऱ्हाइनवरचा नाका, १९११

पुलाच्या अलीकडे आमची चौकी, पलीकडे स्वित्झर्लंड.
तिथे जे दुकानात मिळतं
ते इकडे ऑस्ट्रियात औषधवाल्याकडे, डॉक्टरच्या चिठ्ठीवर,
नाहीतर बायकांच्या झग्यांच्या शिवणीत.
बीटाच्या साखरेचे कारखानदार मोठे आहेत,
म्हणून कायदा आहे, म्हणून मी आहे.

सरकारने बंदूक दिली आहे.
कामाला येते ती जीभ.
संशय आला की बोट ओलं करायचं,
कापडावर फिरवायचं, चाखायचं.

आज क्रेसेन्त्स ग्राबहेर, भरतकामाचं गाठोडं घेऊन.
गाठोड्यात खरंच भरतकाम होतं.
पण वारा एवढा, आणि झग्याचा घेर हलेना.
बोट लावलं.
साखर तोंडात येते, बसते, सावकाश विरघळते.
हे आलं ते थेट टाळूवर, कुणी ओरडल्यासारखं,
मागून पत्र्याची कडवट चव.

फेल्डकिर्खला शिकवलं होतं आम्हाला:
कोळशाच्या डांबरातून टोल्युइन,
त्यावर गंधकाचं आम्ल, मग अमोनिया,
मग जांभळं परमँगनेट,
आणि शेवटी रेणूत एक कडं मिटतं.
साखरेच्या कित्येक शे पट गोड.
पोटात जातं, जसंच्या तसं बाहेर पडतं,
शरीर त्याला काही विचारत नाही.
आम्ही हसलो होतो,
म्हणजे त्या नाक्यावर कुणीच नाही.

कुंपणापलीकडे बोशच्या पेट्या आहेत.
मधमाश्या तिच्याजवळून सरळ निघून गेल्या,
एकीनेही वळून पाहिलं नाही.

"कुणासाठी?"
"व्हिएन्नाचे लेमोनेडवाले. प्रागचे गिरणीकामगार. मला काय ठाऊक?
मी फक्त टाके घालते."

बापाचा अंगठा गेल्या हिवाळ्यात काढला.
सात वर्षं तो कॉफी डोळे मिटून पितो,
चिठ्ठीचे पैसे मागत नाही.

मी कात्री काढली. ती पांढरी पडली.
एकच टाका उसवला,
तपकिरीची डबी खाली धरली,
चिमूटभर.
"आता शिवून घे," म्हणालो,
आणि खिडकीकडे तोंड केलं.

वहीत नोंद करायला पेन्सिल जिभेवर ओली केली.
जांभळी उमटली अक्षरं: काही आढळले नाही.
पेन्सिलसुद्धा गोड लागली,
रात्रीचं सूप गोड, पाणी गोड,
मिशी पुसली तरी गोड.

बापाने पहिला घोट घेतला,
डोळे उघडे ठेवून.
"ही साखर नव्हे," म्हणाला.

मग पेला पुढे केला.