दोन स्टॉप आधी

जोॲन नर्सनं आकडा लिहिला
आणि कागद माझ्याकडे फिरवला: अडुसष्ट.
म्हटलं, एवढ्यात आमच्याकडे फर्स्ट क्लास मिळायचा.
ती हसली नाही.
माझं नाव मधुकर. तिच्या तोंडी त्याचं मॅडू होतं.
त्यात मध कुठे आहे, ते मीही सांगत बसलो नाही.

‘बसनं येता ना? रोज दोन स्टॉप आधी उतरत जा.’
बाई, बस मीच चालवतो.
हडर्सफील्डचा एकूण एक चढ
एकोणीस वर्षं मी बसून चढलोय.

अण्णा साखर कारखान्यात काट्यावर होते.
हंगामात रात्रभर गाड्यांची रांग.
भरलेली गाडी, रिकामी गाडी, मधली वजाबाकी वहीत.
मळीचा वास त्यांच्या सदऱ्याला, आमच्या उशांना.
चहात साखर किती, हा प्रश्न
आमच्या घरात कुणी कुणाला विचारला नाही.

आता वृंदानं ओट्यावर काटा मांडलाय.
शिजलेला भात, साठ ग्रॅम.
पहिल्या दिवशी वाटलं, चिमण्यांसाठी काढून ठेवलाय.
ज्वारीचं पीठ ब्रॅडफर्डहून येतं, कधीचं दळलेलं कोण जाणे.
थापताना कड फाटते.
ती पाण्याचं बोट लावून सांधते, पुन्हा थापते.
तिच्याही ताटात साठच ग्रॅम असतो,
हे माझ्या ध्यानात यायला
मार्च उजाडला.

जेवण झालं की कालव्यावर.
शतपावली म्हणायची पद्धत, शंभरात भागत नाही.
पाऊस असतो. नसला तर तो यायच्या बेतात असतो.
पहिल्या लॉकपर्यंत पोटऱ्या भांडतात,
दुसऱ्यापर्यंत मी.
तिथून पुढे कोणीच काही बोलत नाही,
फक्त बदकं.

एक गोष्ट मात्र जोॲनला सांगितली नव्हती.

दर गुरुवारी, दहा चाळीसची बस, मिसेस ॲक्रॉइड.
पास दाखवायच्या आधी काचेखालून
पेपरमिंटची एक गोळी सरकवतात.
नऊ वर्षं. पट्ट्यापट्ट्यांची, कागदात पीळ दिलेली.
नाही म्हणायला जीभ रेटत नाही.
जानेवारीपासून ती खिशात जाते,
खिशातून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत.
बरणी फ्रिजवर. कधी रात्री पाणी प्यायला उठलो
की ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे.
दोनदा हरलो.
तिसऱ्यांदा कागद सोडला, वास घेतला,
आणि पीळ पुन्हा होता तसा घातला.

मे महिन्यात शेवटी बोललो. सिग्नल लाल होता.
‘माफ करा, मला आता चालत नाही. साखर निघालीय.’
त्या खळखळून हसल्या, पुढच्या सीटपर्यंत ऐकू गेलं.
‘मलाही नाही चालत रे, अकरा वर्षं झाली!
हे आमच्या रॉनचं व्यसन. माणूस गेला,
कपाटात डबे राहिले.
टाकवत नाहीत. म्हणून आठवड्याला एक
तुझ्याकडे ढकलते.’

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. सिग्नल कधीच हिरवा झाला होता.

परवाचा आकडा: एक्कावन्न.
जोॲन म्हणाली, अठ्ठेचाळीसच्या खाली आणू.
आणू. या गावात उतारही काही कमी नाहीत,
फक्त गुडघ्यांना ते चढापेक्षा जास्त कळतात.

आज गुरुवार.
मिसेस ॲक्रॉइडनी चर्चपाशीच बेल वाजवली,
त्यांच्या घराच्या दोन स्टॉप आधी.
‘तू चालतोस म्हणे रात्रीचा,’ एवढंच म्हणाल्या
आणि कठडा धरून उतरल्या.
मी दार उघडं ठेवलं, लागतं त्यापेक्षा जरा जास्तच.

आरशात त्या, हातात काठी, पिशवी, फूटपाथचा चढ.
मी गाडी पहिल्या गिअरला असल्यासारखी हळू काढली.
पोहोचायला आज उशीर होणार.
होऊ दे.