सहावं ठाणं

समुद्राकडे पाठ करून वल्हवत गेलं
की पाणी गोडं व्हायला हवं.
सालूमच्या या फाट्यात उलटंच:
आत जाल तसं मीठ चढतं.

सिगा सार बाटली बुडवते,
काचेवर थेंब, एक डोळा मिटून –
एकोणचाळीस. त्रेपन्न. अडुसष्ट.
खारफुटीच्या मुळांवरची कालवं मोजते;
मुठीएवढी असायची,
आता नखाएवढी.

प्राणवायूच्या मापकाची बॅटरी मेलीय.
तिथे ती आडवी रेघ ओढते,
अंदाज लिहीत नाही.

परतताना मोटरहोडीची लाट आली, वही भिजली.
शिंपल्यांच्या ढिगावर वाळत घातली तर
ओळीओळींत मीठ फुटलं,
सहाव्या ठाण्याचा आकडा तेवढा गेला.

“अडुसष्टच होता ना? लिही की,” कुंबा म्हणते.

सिगा पुन्हा होडी ढकलते.
ओहोटी लागायला
अजून तासभर आहे.