तीन इंच, तीन सूत

टबाला बाहेरून लोहचुंबक लावून पाहिलं,
टक्‌ करून चिकटलं.
"खरा आहे. ओतीव."
"सत्तेचाळीस वर्षं घासतेय मी त्याला,"
आउने रांताला म्हणाली,
"खोटा असता तर झिजून गेला असता."

डुलुथचा जानेवारी. सरोवर काठाशी कण्हत होतं,
खनिजाची जहाजं गोदीत बांधून पडलेली,
आणि मी टबाखाली उताणा,
चार पंजांच्या मधे, पाठीला गार फरशी.
प्रत्येक पंजाने एकेक गोळा आवळून धरलेला.
एकाखाली पत्र्याची चकती सरकवलेली होती,
जमीन तिकडे उतरती आहे म्हणून.
चकतीवर कॉफीच्या डब्याचं अर्धं नाव.
ही कुणाची करामत ते विचारलं नाही.
दाराजवळच्या खुंटीवर एक मोठा कोट होता,
आणि घरात तो कुणाला बसेल असं माणूस नव्हतं.

जुन्या भोकांतलं अंतर तीन इंच, तीन सूत.
आताच्या तोट्या तिथे बसत नाहीत.
कॉर्बिन, माझा भाचा, म्हणाला, भोक वाढवू या.
म्हटलं, ड्रिल खाली ठेव आधी.
हे इनॅमल. एक टवका उडाला
की आतलं शंभर वर्षांचं लोखंड
आठवड्यात गंजायला लागतं,
जसं काही वाटच बघत बसलेलं.

तोटी ओहायोहून आली, अकरा दिवसांनी.
तिच्यावर उभी नळी, नळीला शॉवर,
आणि पडद्यासाठी छतातून टांगलेलं लंबगोल कडं.
छत जुन्या चुन्याचं. बोटाच्या पेराने
ठोकत ठोकत गेलो, पोकळ, पोकळ, पोकळ,
मग एके ठिकाणी आवाज भरीव झाला.
तिथे तुळई.

"पडदा पायांना चिकटेल," तिला आधीच सांगितलं.
"आत वाफ वर चढते, बाहेरची गार हवा
पडद्याला आत ढकलते. दोन घ्या,
खालच्या शिवणीत लोहचुंबकं घाला,
टब धरून ठेवील त्यांना."
"चिकटू दे," ती म्हणाली.

टबात एक सॉसपॅन होतं, अॅल्युमिनियमचं, पोचा आलेलं.
"एवढं उचलता?"
तिने उचललं, आणि मग ठेवेचना कुठे.
दारात उभी राहून बोलत राहिली, सॉसपॅन पोटाशी धरून.
आमच्यात आंघोळ म्हणजे सौना.
मागच्या अंगणातली जळाली,
ताउनो म्हणाला, वसंतात नवी बांधतो.
तोवर तो या स्टुलावर बसायचा
आणि माझ्या डोक्यावर याने पाणी ओतायचा.
"कितव्या वसंतात, ते बोलला नव्हता."
कॉर्बिन हसला. तीही हसली.
मी पान्याने एक आटा उगाच परत आवळला.

संध्याकाळी पाणी सोडलं.
नळी आधी खोकली, तांबूस थुंकली,
मग धार स्वच्छ झाली.
आउनेने बाही सारून हात खाली धरला,
तळवा, मग उलटा, मग मनगट.
"सगळीकडे सारखंच पडतं," ती म्हणाली.
म्हटलं, दाब कमी करून देतो.
"नको. छान आहे.
त्याचं डाव्या कानामागे नेहमी राहून जायचं.
साबण तिथेच वाळायचा.
चर्चमध्ये खाज सुटायची, ऐन प्रार्थनेत."

बंद केल्यावरही शॉवरला थेंब लोंबतात थोडा वेळ.
ती गळती नव्हे, उभ्या नळीत राहिलेलं पाणी,
हे मी सगळ्यांना सांगतो, तिलाही सांगितलं.
तिने मान हलवली
आणि त्याखाली सॉसपॅन ठेवलं.

हत्यारं भरताना खिशात नवी चकती लागली,
पितळी, चांगली जाड,
टबाखालची बदलायला म्हणून आणलेली.
ती तशीच परत घेऊन आलो.
टब डुगडुगत नव्हता.