वगळण्याचे निकष

अर्ज चार पानी. तिसऱ्या पानावर
वगळण्याचे निकष, एक ते सात.
गरोदर असल्यास.
तीन महिन्यांत रक्त चढवले असल्यास.
मधले मला पाठ आहेत, कंटाळा आलाय सांगायचा.
सातवा : राज्याबाहेरचा रहिवासी.

इंद्रावतीच्या काठावर हा सातवा निकष
चैतात घोट्याएवढ्या पाण्यात उभा असतो,
आणि बैलं त्याला वळसा न घालता
पल्याड चरून येतात.
सम्मक्का दुर्गमच्या पडवीत मी बसल्या जागी असते
आणि मोबाइल म्हणतो,
छत्तीसगडमध्ये आपले स्वागत आहे.

मी रक्तवाली.
दोन वर्षं झाली, माझं नाव कुणी विचारलेलं नाही.
जांभळ्या बुचाच्या नळ्या, बर्फाचा डबा,
डब्यात वर ठेवलेली माझी भाकर,
आणि अर्जावर छापलेला शब्द : रक्त.
इथं म्हणतात नेत्तुर.
पल्याडही नेत्तुरच.

मुक्की वेलादीची तीन लेकरं.
दोघांचे नमुने घेतले, एकशे एकतीस, एकशे बत्तीस.
तिसरी, चिन्नी, पल्याड मावशीकडे दिलेली,
कारण मावशीला मूल नव्हतं
आणि कारण देणं-घेणं डोंग्यातून चालतं,
तहसीलमधून नाही.

त्या दिवशी लच्चाच्या डोंग्यातून
मुक्कीनं तिला खांद्यावर टाकून आणलं.
हातापायांची बोटं सुजून टंच,
डोळे हळदीत बुडवल्यासारखे.
"बाई, हिची हाडं रातभर बोंबलतेत."
मी विचारलं, आधार कुठला?
मला हेच विचारायला शिकवलंय.
मुक्की म्हणाली, "मावशीचा."

तिला कळलं नव्हतं, की कळलं होतं?
"दोघा पोट्ट्यांचं घेतलं ना,
मग हिचंच काहून नाही?"

मी नदीकडे पाहिलं.
नदीनं काहीच सांगितलं नाही,
ती प्रकल्पात नोकरीला नाही.

बोटाला सुई टोचली. एकच थेंब.
नळीवर आकडा लिहिला नाही.
तपासणीची रीत साधी आहे :
द्रावणात थेंब टाकायचा, पाच मिनिटं थांबायचं,
नळीमागे छापलेला कागद धरायचा.
ओळी वाचता आल्या तर बरं.
कागद हाताशी एकच होता, अर्जाचं तिसरं पान.

पाच मिनिटांत सम्मक्काची कोंबडी
दोनदा पडवीत आली.
लच्चा वल्ह्यावरची शेवाळ खरवडत बसला.
मी पान धरलं.
एक, दोन, तीन नळीच्या डावीकडे स्पष्ट,
नळीतून मात्र गढूळ लाल,
चार नाही, पाच नाही,
सातवा निकष नाही.

असा पुसला जावा असं मला वाटलं होतं का?
वाटलं होतं. पण
असा नाही.

आता पुढची तपासणी नागपूरला लागेल.
त्यासाठी आकडा, आकड्यासाठी अर्ज,
अर्जासाठी अलीकडचा काठ.
माझ्या पिशवीतल्या फॉलिक ॲसिडच्या पट्ट्या दिल्या,
माझ्या स्वतःच्या, मी त्या का बाळगते
ते इथे सांगण्याचं कारण नाही.
पाणी भरपूर पाज म्हटलं,
थंडीत पांघरूण, ताप आला तर लगेच दवाखाना.
"कुठला?" मुक्की म्हणाली.
पल्याडचा चाळीस कोसांवर,
अलीकडचा विचारेल, आधार कुठला.

नळी धुवायची नसते.
पिशवीत बांधून परत न्यायची असते.
मी बांधत होते, तेव्हा मुक्कीनं हात धरला,
नळी पुन्हा कागदापुढे धरायला लावली,
आणि जिला अक्षर ओळखत नाही ती
बराच वेळ डोळे बारीक करून पाहत राहिली.

"ओळी परत कवा दिसतीन?"

डोंगा निघाला. मधल्या पाण्यात गेल्यावर
चिन्नीनं सुजल्या हाताची
बोटं उघडायचा प्रयत्न केला, माझ्याकडे.
माझ्या खिशातला मोबाइल वाजला.
पुन्हा स्वागत.