सावलीचोर, प्रकरण नववे

कूलरची जुनी खस काढताना हात खरचटतात.
मे महिन्यात दिवसाला अकरा-बारा घरं होतात माझी.
परवा स्वतःच्याच घरचा कूलर उघडायला
माळ्यावरून पाना-पेचकसांची पेटी ओढली,
तिच्याखाली दबलेली दोनशे पानी वही निघाली.
कव्हरवर निळ्या शाईत 'सावलीचोर',
खाली बारीक अक्षरात :
लेखक, टिमकीतले चौघे. विचारल्याशिवाय हात लावू नये.

गोष्ट अशी, की एक लोखंडी टोपलीवाला
भर बारा वाजता गल्लीबोळांतून फिरतो
आणि सावल्या उचलून नेतो.
आधी कडुनिंबाची, मग पानठेल्याच्या ताडपत्रीची,
मग शाळेचा अख्खा व्हरांडा.
शहर सत्तेचाळीस डिग्रीत उघडं पडतं.
ठाणेदार तक्रार घेत नाही,
म्हणतो, "सावलीचं बिल आहे काय तुमच्याजवळ?"
हे वाक्य सुगतचं. आम्ही तीन दिवस हसत होतो.

मग शक्ती वाटून घेतल्या.
नयना परातेला हवेतून सूत काढता यायचं.
(घरी मागावर तेव्हा कपडे वाळत असायचे.)
इशरतला भिंतीपलीकडचं ऐकू यायचं,
ते तर तिला खरंच यायचं,
एका खोलीत दोन संसार, मधे एक चादर.
सुगत मेश्राम उडायचा,
पण गुडघ्याइतकाच.
जास्त उंच लिहिलं तर कोणी खरं नाही मानणार, म्हणे.

मी विचारलं, "अन् माझी?"
तिघं एकमेकांकडे पाहत राहिले.
"तू वही सांभाळ ना बे काडी," इशरत म्हणाली,
"तुझं अक्षर मस्त आहे."
म्हणून सगळे पराक्रम माझ्या अक्षरात आहेत
आणि मी एकाही ओळीत नाही.

सातव्या प्रकरणात ते नाग नदीच्या पुलाखाली उतरतात,
नाकाला रुमाल बांधून.
आठव्यात झिरो माइलच्या दगडाखाली
एक जिना सापडतो, ओला, खूप गार,
खाली गोदाम : सावल्यांच्या घड्या,
लुगड्यांसारख्या, मापानुसार रचलेल्या.
चिंचेची सगळ्यात जड. दोघांना उचलत नाही.
नयना सूत फेकते. सुगत गुडघाभर वर जातो.
इशरत म्हणते, "चूप, कोणी येऊन राह्यलं,"
आणि नववं प्रकरण 'तेवढ्यात' या शब्दावर थांबतं.
सव्वीस जूनला शाळा उघडली होती.

नयना सुरतेला असते, असं ऐकलं.
इशरतचा पत्ता नाही.
सुगत एकदा दिसला, मेट्रोच्या खांबावर,
कमरेला पट्टा, हातात रंगाचा डबा.
वरूनच ओरडला,
"काडीऽ, गेलो ना बे गुडघ्याच्या वर!"
खाली रस्त्यावर झाडं नव्हती,
त्याच खांबाची एक पट्टी पडली होती सावलीची,
तिच्यात तीन रिक्षावाले अन् एक कुत्रं.

सलोनीनं वही एका बसकणीत वाचली.
"बाबा, तो येतो ते कोण?"
मला आठवत नव्हतं. खरंच.
"मग मी लिहू?"
आणि पेन्सिल शोधता शोधता
शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत तिला ओरखडे दिसले,
काहीतरी लिहून खोडरबरानं घासलेलं.
तिनं पेन्सिल आडवी धरली,
हलक्या हातानं फिरवत राहिली,
राखाडीतून एकेक पांढरं अक्षर वर आलं.
माझंच. सुंदर. नीट काना-मात्रेसह.

"काडीची शक्ती," तिनं मोठ्यानं वाचलं,
"त्याला भूक लागत नाही."

"ही काय शक्ती झाली?" ती हसायला लागली.
"यानं चोर कसा पकडणार?"

खसचा ओला वास घरभर झाला होता.
मी पेटीचं झाकण लावलं,
म्हटलं, आधी जेवून घे,
वरणभात थंडा होऊन राह्यला.
तिनं ताट जवळ ओढलं,
डाव्या हातानं 'तेवढ्यात'पुढे
एक टिंब दिलं, मग दुसरं,
आणि तोंडात घास असतानाच म्हणाली,
"थांब, मला ऐकू येऊन राह्यलं."